मोटारीच्या पाठीचे दिवे

मोटारीचे पुढचे दिवे आपल्यासाठी असतात आणि मागचे दिवे दुसऱ्यासाठी. पुढचा एक दिवा विझला तर रस्ता दिसेनासा होतो आणि आपण त्याच रात्री गाडी कारागिराच्या दारात नेऊन उभी करतो. मागचा दिवा मात्र गेला काय नि राहिला काय, चालवणाऱ्याला पत्ताही लागत नाही. महिना महिना गाडी तशीच धावते, आणि तो दिवा नसल्याची पहिली बातमी कधीकधी मागून धडकलेल्या माणसाकडूनच मिळते.

नव्या गाड्यांत आता दिव्यांची रेलचेल असते. पण खेडोपाडी अजून कितीतरी जुन्या गाड्या जपून ठेवलेल्या आहेत. कुणाच्या वाड्यात वडिलांच्या वेळची जीप असते, कुणाच्या गोठ्याशेजारी अँबॅसडर, कुणाकडे फियाट, म्हणजे पुढे जिला पद्मिनी म्हणू लागले ती. अँबॅसडरचे उत्पादन 2014 साली थांबले. मुंबईच्या रस्त्यांवरून पद्मिनीची शेवटची टॅक्सी 2023 च्या ऑक्टोबरात निवृत्त झाली. तरी घरच्या गाड्या लग्नाला, बाजाराला, दवाखान्याला निघतातच. या गाड्यांचे मागचे दिवे त्या काळच्या रहदारीला पुरेसे होते. त्या वेळी मागून येणारी गाडी चाळीस-पन्नासच्या वेगाने यायची. आज ती ऐंशी-नव्वदने येते. त्यामुळे मालकाला वाटते, मागे आणखी दोन दिवे लावून घ्यावेत. वाटणे अगदी रास्त आहे. ते कसे लावावेत, एवढाच आजच्या भाषणाचा विषय.

मी महाविद्यालयात मानसशास्त्र शिकवतो. तारा आणि फ्यूज यांच्याविषयी मी का बोलावे, असे कुणी विचारील. त्याचे उत्तर असे की मागच्या दिव्याचे निम्मे काम बॅटरी करते आणि उरलेले निम्मे मागच्या माणसाचा डोळा करतो. डोळ्याचा भाग माझ्या विषयातला आहे. तारांचा भाग मी जुनी गाडी बाळगल्यामुळे शिकलो, आणि बराचसा गाडीखाली पाठीवर पडून शिकलो.

प्रथम एक गोष्ट. नवा दिवा विकत घेण्यापूर्वी असलेला दिवा नीट पेटतो का, हे पाहावे. आमच्या भागातल्या एका बागाईतदारांनी जीपच्या मागे एकामागून एक असे चार जादा दिवे बसवून घेतले. तरी लोक म्हणत, तुमची जीप रात्री दिसत नाही! शेवटी एका म्हाताऱ्या कारागिराने मूळच्या दिव्याचा एक स्क्रू काढला, त्याच्याखालचा रंग आणि गंज पॉलिश पेपरने खरवडला, स्क्रू परत घट्ट बसवला. मूळचे दोन दिवे लख्ख पेटले. त्याने पैसे घेतले ते चहापुरते.

यात जादू काही नव्हती. घरातल्या दिव्याला दोन तारा येतात. मोटारीत बहुधा एकच येते. वीज तारेने बल्बपर्यंत जाते आणि परत येताना गाडीच्या पत्र्यातून, चॅसीतून बॅटरीकडे जाते. या परतीच्या वाटेला कारागीर ‘अर्थ’ म्हणतात. जुन्या गाडीत ही परतीची वाटच आधी बिघडते. पत्र्यावर रंगाचे थर चढतात, चिखल बसतो, गंज धरतो. जाणारी तार नवी कोरी असली तरी परतीला गंजातून जावे लागते, आणि बल्बच्या वाट्याला पूर्ण व्होल्ट येत नाहीत. (मराठीत बोलायचे तर अर्थ नसला की सगळाच अनर्थ, पण हा विनोद गॅरेजमध्ये फार जुना झालेला आहे.)

आणि बल्बचा स्वभाव मोठा विचित्र आहे. तारेच्या बल्बला दहा टक्के व्होल्ट कमी मिळाले तर उजेड दहा टक्क्यांनी कमी व्हावा, असे आपल्याला वाटते. प्रत्यक्षात तो जवळजवळ तीस टक्क्यांनी कमी होतो. बारा व्होल्टच्या जागी अकराच्या खाली गेलात की दिवा लाल न दिसता तपकिरी दिसू लागतो.

हा दोष ओळखण्याची एक सोपी खूण सांगतो. संध्याकाळी गाडीचे दिवे लावा, एकाला मागे उभे करा आणि ब्रेक दाबा. ब्रेकचा दिवा उजळण्याऐवजी शेजारचा दिवा मंदावला, किंवा इंडिकेटर लावल्यावर भलताच दिवा मिणमिणू लागला, तर परतीची वाट बंद झाली आहे असे समजा. विजेला सरळ रस्ता मिळाला नाही की ती दुसऱ्या बल्बच्या तारेतून वळसा घेऊन जाते. ज्यांच्याकडे मीटर असेल त्यांनी ब्रेक दाबलेला ठेवून दिव्याचे धातूचे अंग आणि बॅटरीचे अर्थचे टोक यांच्यामधले व्होल्ट मोजावेत. मीटरने अर्ध्या व्होल्टपेक्षा जास्त दाखवले तर आधी ती जागा साफ करावी. अशा गाडीला नवे दिवे जोडणे म्हणजे गळक्या पन्हळीला आणखी दोन वाफे जोडण्यासारखे आहे. दोन्ही वाफे कोरडे आणि पहिलाही कोरडा.

शिक्षक बंधुभगिनींनो, हे वर्गात दाखवता येते. टॉर्चचे दोन सेल आणि दोन लहान बल्ब घ्या. शिसपेन्सिल दोन्ही टोकांना तासून आतले शिसे उघडे करा. दोन्ही बल्बांची परतीची तार त्या शिशातून जाईल अशी जोडणी करा. आधी एकच बल्ब लावा. तो थोडा मंद लागेल. मग त्याच्या शेजारी दुसरा लावा. पहिला आणखी मंदावेल. आता पेन्सिल काढा आणि प्रत्येक बल्बला परतीची स्वतंत्र तार द्या. दोन्ही खणखणीत पेटतील. मुलांना विचारा, बल्ब तेच, सेल तेच, मग उजेड कुठून आला? सातवीतला मुलगा याचे उत्तर देतो, असा माझा अनुभव आहे. मोठ्यांना थोडा वेळ लागतो.

आता डोळ्याकडे वळू. जुन्या गाडीच्या मागच्या बल्बमध्ये पुष्कळदा दोन तारा असतात, एक पाच वॅटची आणि एक एकवीस वॅटची. रात्री दिवे लावले की पाचची पेटते. ब्रेक दाबला की एकवीसची पेटते. मागच्या माणसाला जे कळते ते या फरकावरून. आपली इंद्रिये मुळात फरक टिपतात. अंधाऱ्या खोलीत एक मेणबत्ती लावली तर सगळी खोली बदलते. तीच मेणबत्ती भर दुपारी अंगणात लावा, कुणाचे लक्षही जाणार नाही. जर्मन शास्त्रज्ञ वेबर आणि फेकनर यांनी एकोणिसाव्या शतकात या गोष्टीचा कसून अभ्यास केला आणि मानसशास्त्रात तो अजून पहिल्या वर्षाला शिकवला जातो.

याचा आपल्या विषयाशी संबंध असा. मागचा कायम पेटता दिवा कमी वाटतो म्हणून कुणी पाच वॅटच्या जागी मोठे बल्ब घालतात, किंवा तसलेच आणखी चार दिवे जोडतात. गाडी उजळते खरी, पण ब्रेक दाबल्यावर पडणारा फरक बुडून जातो. मागच्या माणसाला गाडी दिसते. ती थांबते आहे, हे दिसत नाही. दुसरा प्रकार याहून वाईट. या दुहेरी बल्बच्या बुडाशी दोन खिळे वेगवेगळ्या उंचीवर असतात, म्हणजे बल्ब उलटा बसू नये. होल्डर झिजलेला असला की जोर करून तो उलटा बसवता येतो. मग एकवीस वॅटची तार रात्रभर जळत राहते आणि ब्रेक दाबल्यावर पाचाचीच भर पडते. त्या दिव्याची लाल काचही, म्हणजे खरे तर प्लॅस्टिक, उष्णतेने वितळू लागते.

म्हणून माझे मत असे की जादा दिवा लावायचाच तर तो ब्रेकचा लावावा, आणि कायम पेटत्या दिव्यापासून जरा दूर, शक्य तर उंचावर आणि मधोमध लावावा. अमेरिकेत 1970 नंतरच्या दशकात टॅक्सींवर आणि कंपन्यांच्या मोटारींवर असा मधला उंच दिवा लावून चाचण्या झाल्या. पुढची गाडी ब्रेक लावत असताना मागून बसणाऱ्या धडका त्या गाड्यांच्या बाबतीत जवळजवळ निम्म्यावर आल्या. म्हणून 1986 च्या मॉडेलपासून तिथे प्रत्येक नव्या मोटारीला तो सक्तीचा झाला. पुढे काय झाले ते लक्षात ठेवण्यासारखे आहे. सगळ्याच मोटारींना तो दिवा आल्यावर त्याचे नावीन्य गेले. 1998 साली सरकारी अहवाल आला, त्यात मागून बसणाऱ्या एकंदर धडकांतली घट साधारण सव्वाचार टक्के निघाली. पहिल्या चाचण्यांत मोजलेल्या धडका फक्त ब्रेकच्या होत्या, तेव्हा दोन्ही आकडे एका तराजूत घालता येत नाहीत. तरीही उतार मोठा आहे. पण मी त्या चार टक्क्यांना कमी लेखणार नाही. दिव्याची किंमत थोडी आहे, आणि त्या चार टक्क्यांत माणसे बसलेली असतात.

दोन दिव्यांमधल्या अंतराविषयीही एक शब्द. रात्री गाडीचे अंग दिसत नाही, दोन लाल ठिपके दिसतात. ते जवळजवळ दिसले की गाडी लांब आहे आणि फाकलेले दिसले की जवळ आली, असा हिशेब आपले मन न सांगता करते. कायम पेटणारे दोन जादा दिवे कुणी शोभेसाठी मधोमध जवळजवळ लावले, तर मागच्याला गाडी आहे त्यापेक्षा दूर वाटू शकते. एकच दिवा चालू असला तर तो तिला मोटारसायकल समजतो आणि बाजूने काढायला जातो. तेव्हा पेटते दिवे गाडीच्या दोन्ही कडांनाच असावेत.

आता प्रत्यक्ष जोडणी. इथे थोडे गणित आहे, पण बाजारहाटाच्या हिशेबापेक्षा अवघड नाही. वॅटला व्होल्टने भागले की अँपिअर निघतात. एकवीस वॅटचे दोन दिवे म्हणजे बेचाळीस वॅट. बाराने भागा, साडेतीन अँपिअर. आणखी दोन जोडलेत की सात. जुनी मागची तार अर्ध्या चौरस मिलिमीटरची असेल आणि लांबी पाच मीटर, तर सात अँपिअर नेताना त्या तारेतच सव्वा व्होल्टच्या आसपास खर्ची पडतात. म्हणजे मघाशी सांगितलेले दहा टक्के गेले, आणि चारही दिव्यांचा उजेड तीस टक्क्यांनी उतरला. दोनाचे चार करून पदरात काय पडले ते तुम्हीच पाहा.

तारेबरोबर ब्रेकच्या स्विचचाही विचार हवा. अँबॅसडरसारख्या गाड्यांत हा स्विच ब्रेकच्या तेलाच्या नळीवर बसवलेला असतो. तेलाचा दाब आला की आतले दोन बारीक संपर्क जुळतात. ते दोन दिव्यांपुरते केलेले असतात. त्यांच्यावर चार दिव्यांचा भार टाकला की ठिणगी मोठी पडते, संपर्क जळतात, आणि एक दिवस ब्रेक दाबला तरी एकही दिवा लागत नाही. जुने दोन होते तेही जातात.

यावर उपाय रिलेचा. रिले म्हणजे थोड्या विजेने जास्त वीज चालू-बंद करणारी डबी. ब्रेकच्या जुन्या तारेवरून रिलेला नुसता इशारा द्यायचा. त्याला पाव अँपिअरही लागत नाही. नव्या दिव्यांची वीज मात्र बॅटरीवरून वेगळ्या तारेने आणायची आणि रिलेतून पुढे न्यायची. दीड चौरस मिलिमीटरची तांब्याची तार दोन नव्या दिव्यांना भरपूर होते. परतीची तारही त्याच जाडीची, स्वतंत्र, चॅसीवर स्वच्छ केलेल्या जागी घट्ट कसलेली. जुने दिवे जुन्याच वाटेवर राहू द्यावेत. मग नव्या जोडणीत काही बिघडले तरी जुने पेटत राहतात.

या नव्या तारेवर, बॅटरीपासून वीतभर अंतराच्या आत, फ्यूज पाहिजे. साडेसात अँपिअरचा पुरे. मोटारीला आग दिव्यांच्या भाराने क्वचितच लागते. तार पत्र्याच्या धारेवर घासते, वरचे प्लॅस्टिक कापले जाते, उघडे तांबे पत्र्याला टेकते. अशा वेळी बॅटरीतून शेकडो अँपिअर एकदम धावतात आणि ती तार लाल होते. फ्यूज असतो तो या क्षणासाठी. तो तारेचा राखणदार आहे, बल्बचा नव्हे. घरच्या किटकॅटमध्ये जाडी तार किंवा सिगारेटच्या पाकिटातला चांदीचा कागद घालण्याची आपली सवय गाडीत अजिबात चालवू नये. कारण कित्येक जुन्या गाड्यांत पेट्रोलची टाकी डिकीतच, एका अंगाला असते, आणि मागच्या दिव्यांच्या तारा तिच्या शेजारून जातात.

म्हणून डिकीत भोक पाडण्याआधी पलीकडे काय आहे ते हाताने चाचपून पाहावे. भोकात रबरी बुश बसवावा. तार मध्येमध्ये बांधावी, लोंबती ठेवू नये. पीळ देऊन चिकटपट्टी गुंडाळलेला सांधा एका पावसाळ्यात हिरवा पडतो. सांधा दाबून किंवा डाख देऊन करावा. आणि हे सगळे करण्याआधी बॅटरीचे अर्थचे टोक सोडवून ठेवावे. बहुतेक गाड्यांत ते ऋण टोक असते. जुन्या इंग्लिश धर्तीच्या काही गाड्यांत मात्र धन टोक चॅसीला जोडलेले असे. आपल्या गाडीत कोणते आहे ते डोळ्यांनी पाहूनच पाना लावावा.

याच ठिकाणी एलईडी बल्बांची गोष्ट निघते. ते चांगले आहेत. साधारण तेवढ्याच उजेडाला फारच थोडी वीज घेतात. तारेच्या बल्बला तापून पूर्ण उजळायला सेकंदाचा पाचवा भाग जास्त लागतो, तोही यात वाचतो. ऐंशीच्या वेगाने येणारी गाडी तेवढ्यात सव्वाचार मीटरहून अधिक पुढे सरकते, म्हणजे जवळजवळ एका मोटारीची लांबी. पण एलईडीला धन-ऋण कळते. धन टोक चॅसीला असलेल्या गाडीत नेहमीचा एलईडी बल्ब बहुधा पेटतच नाही. लाल काचेमागे पांढरा एलईडी लावला तर रंग गुलाबीकडे झुकतो. तिथे लालच घ्यावा. जुन्या दिव्यातला आरसा तारेच्या बल्बसाठी घडवलेला असतो. त्यात एलईडी बसवल्यावर जवळून डोळे दिपतात आणि पन्नास पावलांवरून दिवा ठिपक्याएवढा दिसतो, असेही होते. तेव्हा घेण्याआधी दुकानदाराला गाडीशी आणून लावून पाहावा.

इंडिकेटरला जादा बल्ब शक्यतो जोडू नयेत. जुना टिकटिक करणारा फ्लॅशर बल्बांच्या भारावरच चालतो. भार वाढला की तो घाईने टिकटिकतो, एलईडी लावून भार घटला की नुसता पेटून राहतो. हौस असेल तर फ्लॅशरही नव्या पद्धतीचा बसवावा लागतो.

कायद्याचे म्हणाल तर 1988 चा मोटार वाहन कायदा आणि 1989 चे केंद्रीय नियम यांत मागच्या दिव्यांची तरतूद आहे. मागच्या बाजूला लाल उजेड दिसावा आणि तो 155 मीटरवरून दिसावा. नंबरपट्टीवर पांढरा उजेड असावा आणि नंबर 15 मीटरवरून वाचता यावा. वळण्याचा दिवा पिवळा-नारिंगी आणि मागे घेतानाचा दिवा पांढरा, एवढे सोडले तर मागे दुसरा रंग दाखवू नये. निळे, हिरवे, पळते दिवे लावणाऱ्या तरुण मंडळींनी हे मुद्दाम ऐकावे. मागच्या माणसाला एका क्षणात एकच गोष्ट वाचायची असते. तिथे आपण रांगोळी घातली तर ती त्याने वाचायची कशी?

उसाच्या हंगामात ट्रॅक्टरला दोन ट्रॉल्या जोडलेल्या असतात आणि ट्रॅक्टरचे स्वतःचे दिवे उसाच्या मोळ्यांआड पूर्ण झाकलेले असतात. तिथे वर सांगितलेले सगळे मागच्या ट्रॉलीला लागू आहे, आणि ट्रॉलीची परतीची तार तर स्वतंत्रच हवी. जोडखिळ्याच्या ग्रीसमधून वीज नीट जात नाही. बैलगाडीला बॅटरी नाही, पण लाल परावर्तक पट्टी लावता येते. ती विजेशिवाय चमकते आणि दिवे बंद पडलेल्या मोटारीलाही तीच उपयोगी पडते.

काम पुरे झाले की रात्री मोकळ्या रस्त्याच्या कडेला, चाकांना दगड लावून गाडी उभी करावी. कुणाला तरी ब्रेकवर पाय ठेवून बसवावे आणि आपण मागे दोनशे पावले चालत जावे. दोनशे पावले म्हणजे साधारण तेच 155 मीटर. तिथून दोन लाल दिवे सारखे दिसतात का, ब्रेक दाबताच फरक पडलेला कळतो का, ते पाहावे. बरोबर शाळेत जाणारे एखादे मूल न्यावे. पाय ब्रेकवर केव्हा पडला आणि केव्हा उचलला, हे त्याला पाठ करून सांगता यावे. त्याने दहापैकी एकदाही चूक केली, तर दुसऱ्या दिवशी सकाळी पॉलिश पेपर घेऊन पुन्हा त्या स्क्रूपाशी जावे.